दम्याचे निदान : एका भेटीचे काम नव्हे

पहाटे तीनच्या सुमारास धाप लागून अंथरुणात उठून बसावे, छातीतली शिट्टी ऐकत उजाडण्याची वाट पाहावी आणि सकाळी दहा वाजता डॉक्टरांनी नळी लावली असता छाती स्वच्छ निघावी, हा दम्याच्या असंख्य रुग्णांचा अनुभव आहे. रुग्ण खोटे बोलत नसतो आणि नळीही खोटे सांगत नसते. बदलत राहणे हाच या विकाराचा स्वभाव आहे. श्वासनलिकांना सूज असते. धूळ, सर्दी, थंड हवा, उदबत्तीचा धूर अशा निमित्ताने त्या आकुंचन पावतात आणि काही वेळाने आपोआप किंवा औषधाने मोकळ्या होतात. काहींना तर धाप लागतच नाही; महिनोन्‌महिने कोरडा खोकला तेवढा येतो.

अशा विकाराचा निवाडा एका भेटीत, केवळ छाती ऐकून करण्याची रूढ पद्धत म्हणूनच सदोष आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयाची तपासणी व्हायलाच हवी. परंतु थुंकीत जंतू आढळले नाहीत की प्रकरण मिटले, असे मानून पुन्हा खोकल्याच्या बाटलीकडे वळले जाते. उलटपक्षी, प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. हृदयविकारात धाप लागते, तशीच विडीच्या वा चुलीच्या धुराने जडलेल्या फुप्फुसांच्या जुनाट विकारातही लागते. तेथे उपचार निराळे.

खरी गरज मोजमापाची आहे. स्पायरोमेट्रीत रुग्णाने जोराने सोडलेल्या श्वासातील पहिल्या सेकंदाची हवा मोजतात आणि श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन ती पुन्हा मोजतात. प्रौढांमध्ये ती १२ टक्के आणि २०० मिलिलिटर यांहून अधिक वाढली, तर दम्याच्या निदानास बळकटी येते. अर्थात, रुग्ण त्या दिवशी बरा असेल तर ही चाचणीही निर्दोष येऊ शकते. अशा वेळी पीक फ्लो मीटर हे साधे, हातात मावणारे साधन उपयोगी पडते. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ त्यात फुंकायचे आणि आकडे वहीत उतरवायचे. ज्या लहरीपणामुळे निदान हुकते, तोच आकड्यांत दिसला की पुरावा ठरतो. कामाचा दिवस की सुट्टीचा, हेही त्या वहीत लिहावे. कामाच्या जागी कोंडणारा श्वास रजेत मोकळा होत असेल, तर डॉक्टरांना तो महत्त्वाचा धागा असतो.

पण वही दाखवायची कोणाला? दमा हा शब्दच घरात उच्चारला जात नाही. उपवर मुलीच्या बाबतीत तर नाहीच. मग डॉक्टरही 'ॲलर्जीचा खोकला' असे सौम्य नाव देऊन मोकळे होतात. नाव टाळले की नियमित औषधही टळते. श्वासावाटे घेण्याच्या औषधाची 'सवय लागते' हा निराधार समज त्यात भर घालतो. वस्तुतः या मार्गाने सूज कमी करणारे औषध अत्यल्प मात्रेत थेट श्वासनलिकांत पोहोचते. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या औषधावर प्रौढांनी विसंबू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ मध्येच स्पष्ट केले आहे. तालुक्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्राइतकाच स्पायरोमीटर आणि तो चालविणारा प्रशिक्षित माणूस आवश्यक मानला जावा, ही मागणी म्हणूनच अवाजवी ठरू नये.