विश्लेषण : सांगाडा सापडतो, पण नाव का सापडत नाही?

हाडाच्या एका तुकड्यावरून माणसाची ओळख पटवणे आज शक्य आहे. तरीही देशात दरवर्षी ३० हजारांहून अधिक मृतदेह ‘अनोळखी’ म्हणून नोंदले जातात आणि या यादीत महाराष्ट्र सातत्याने वरच्या क्रमांकांत असतो. विज्ञान इथवर आले असताना व्यवस्था कुठे कमी पडते?

पाण्याला हद्द नसते

नवी मुंबईतील करावे हे सीवूड्सच्या इमारतींनी वेढलेले जुने आगरी-कोळी गाव. पाम बीच रस्ता ओलांडला की खारफुटी आणि त्यापुढे खाडी. या पट्ट्यात एखादा माणूस बेपत्ता झाला तर घरचे नवी मुंबईच्या पोलीस ठाण्यात तक्रार देतात. पण तो पाण्यात गेला असेल, तर भरती-ओहोटी त्याला कुठे नेईल याचा नेम नाही. मृतदेह उरणच्या बाजूला लागू शकतो, तसाच मुंबईच्या किंवा ठाण्याच्या काठालाही. चिखलात, खारफुटीच्या मुळांत तो अडकला तर काही महिन्यांनी हाती लागतात ती फक्त हाडे. चेहरा, कपडे, गोंदण यांवरून ओळख पटण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असते.

अशा वेळी एका पोलीस ठाण्यात देह नसलेले नाव असते आणि दुसऱ्या ठाण्यात नाव नसलेला देह. या दोन नोंदी एकमेकींना भेटल्या तरच तपास पुढे सरकतो. खरी अडचण इथेच आहे.

हाडांवरून काय कळते?

पहिला प्रश्न, हाडे माणसाची आहेत की जनावराची? त्यानंतर लिंग. त्यासाठी सर्वांत भरवशाचे हाड म्हणजे कटिभागाचे. बाळंतपणाच्या दृष्टीने स्त्रीचा कटिभाग रुंद असतो आणि तो फरक हाडांतही टिकून राहतो. वयासाठी हाडांची टोके पाहतात. वाढीच्या वयात ही टोके मुख्य हाडाला जुळलेली नसतात आणि ठरावीक क्रमाने जुळत जातात. गळ्याजवळच्या हाडाचे छातीकडील टोक सर्वांत उशिरा, विशीत जुळते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज बांधता येतो. जुने फ्रॅक्चर, हाडात बसवलेली सळई, दातांतील भरण यांवरून शोध आणखी नेमका होतो.

एवढ्यावरून नाव मिळत नाही. मात्र ‘२० ते २५ वर्षांची, अमुक उंचीची स्त्री’ इतके कळले, तरी हजारो बेपत्तांची यादी काही डझनांवर येते.

मग डीएनए काय करतो?

नाव निश्चित करण्याचे काम डीएनएचे. मांडीचे हाड, दाढ आणि कानामागील कवटीचा अतिशय टणक भाग यांत तो जास्त काळ टिकतो. डीएनएमध्ये काही ठिकाणी छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची संख्या माणसागणिक बदलते. अशी वीसच्या आसपास ठिकाणे मोजली की व्यक्तीची ओळख ठरते. यातला निम्मा वाटा आईकडून आणि निम्मा वडिलांकडून येत असल्याने आईवडील किंवा मुले यांच्या रक्ताशी तुलना करता येते.

हाडे जळालेली किंवा फार जुनी असतील तर पेशीकेंद्रातील डीएनए तुटून जातो. तिथे मायटोकॉन्ड्रियातील डीएनए कामी येतो. एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे भाऊ, बहीण, मामा यांच्याशी जुळवता येतो. वसईच्या श्रद्धा वालकरच्या दिल्लीतील हत्या प्रकरणात जंगलातून मिळालेल्या हाडांची आणि केसांची ओळख २०२२-२३ मध्ये वडील आणि भावाच्या नमुन्यांवरूनच पटवण्यात आली.

यातली मेख अशी की डीएनए स्वतःहून नाव सांगत नाही. तो फक्त ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ एवढेच सांगतो. समोर तुलनेसाठी दुसरा नमुना नसेल, तर उत्तम प्रयोगशाळेतील उत्तम अहवालही फाइलीत पडून राहतो.

पेणच्या प्रकरणाने काय शिकवले?

२३ मे २०१२ रोजी रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील गागोदे खुर्दच्या परिसरात जळालेल्या अवस्थेतील मृतदेह सापडला. काही अवशेष तपासणीसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले, बाकीचे तिथेच पुरण्यात आले. त्या वेळी गुन्हा नोंदवला गेला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी शीना बोरा प्रकरणात अटक केली, तेव्हा त्या जागेपर्यंत तपास पोहोचला आणि अवशेष उकरून काढण्यात आले. कलिना येथील न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काही दिवसांतच डीएनएची जुळणी झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले.

म्हणजे विज्ञानाला लागले काही दिवस, आणि तुलना करायची कुणाशी हे कळायला तीन वर्षे. तेही मृतदेहाच्या नोंदीवरून नव्हे, वेगळ्याच तपासातून.

पुढचा धडा २०२४ मधला. खटल्यात जे. जे. रुग्णालयातील तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष सुरू असताना, २०१२ मध्ये मिळालेली हाडे सापडत नसल्याचे सरकारी पक्षाने न्यायालयाला सांगितले. काही आठवड्यांनी ती सीबीआयच्या दिल्लीतील कार्यालयातच असल्याचे स्पष्ट झाले. हे अवशेष नेमके कोणाचे, यावर बचाव पक्ष वाद घालत असलेल्या खटल्यात ही गोष्ट किरकोळ नाही. देशभर गाजलेल्या प्रकरणातील हाडांची ही अवस्था, तर खाडीकाठी सापडलेल्या अनोळखी सांगाड्याचे काय होत असेल?

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे बंधनकारक होणार आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पण अनोळखी सांगाडा सापडतो तेव्हा बहुधा गुन्हा नव्हे, तर कलम १९४ खाली आकस्मिक मृत्यूची नोंद होते. जिथे तज्ज्ञांची गरज सर्वाधिक, तिथेच ही सक्ती पोहोचत नाही.

दुसरी पोकळी मोठी आहे. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्या डीएनएची राष्ट्रीय पेढी असावी, ही मागणी ‘लोकनीती फाउंडेशन’च्या याचिकेतून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. कायदा आणण्याच्या केंद्राच्या आश्वासनावर ती २०१८ मध्ये निकाली निघाली. २०१९ मध्ये लोकसभेत विधेयक मांडले गेले, संसदीय स्थायी समितीकडे गेले आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

विधेयकावरचा आक्षेप रास्त होता. गुन्हेगार, संशयित आणि बेपत्तांचे नातेवाईक यांची माहिती एकाच पेढीत गेली तर तिचा गैरवापर होऊ शकतो. पण त्यावर उपाय दोन पेढ्या वेगळ्या ठेवण्याचा आहे, एकही न ठेवण्याचा नाही. मुलाच्या शोधात स्वतःहून रक्त देणारी आई आणि गुन्ह्यातील संशयित यांना एका मापाने मोजण्याचे कारण नाही.

देहच मिळाला नाही तर?

नवी मुंबईने हेही पाहिले आहे. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. मृतदेहाचे तुकडे खाडीत टाकल्याचे तपासात पुढे आले. २०१८ मध्ये खाडीत शोधमोहीम झाली, हाती काही लागले नाही. मोबाइलचे तपशील आणि इतर तांत्रिक पुराव्यांच्या आधारे पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तत्कालीन पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला जन्मठेप सुनावली. देहाशिवाय शिक्षा होऊ शकते, पण त्यासाठी नऊ वर्षे झगडणारे कुटुंब आणि भक्कम तांत्रिक पुरावा लागतो. प्रत्येकाकडे तो नसतो.

इतरांसाठी कायद्याचे उत्तर आहे सात वर्षांचे. तितका काळ माणसाची काहीही खबर नसेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ नुसार तो मृत मानता येतो. तोवर विमा, वारसा, पेन्शन अडकून राहते. पत्नीला आपण विधवा आहोत की नाही हे सांगता येत नाही. उत्तरकार्य करावे की वाट पाहावी, यावर घरात दोन मते पडतात. एखादी दाढ जपून ठेवली असती तर हा पेच कदाचित काही आठवड्यांत सुटला असता.

काय करता येईल?

यासाठी नव्या शोधाची गरज नाही. अनोळखी मृतदेहावर अंत्यसंस्कार करण्यापूर्वी दाढ किंवा हाडाचा तुकडा क्रमांक देऊन जपणे, बेपत्ताची तक्रार ठरावीक काळ उलटूनही सुटली नाही तर नातेवाइकांना ऐच्छिक नमुन्याचा पर्याय देणे, माणूस सापडला की तो नमुना नष्ट करणे, आणि शेजारच्या आयुक्तालयांनी व जिल्ह्यांनी दोन्ही याद्या दर महिन्याला ताडून पाहणे, एवढे पुरेसे आहे. नमुना कोणाच्या हातातून कोणाकडे गेला याची बारकोडने नोंद ठेवणे तर कुरिअर कंपन्या रोज करतात.

अमेरिकेतील ओहायोत १९८१ मध्ये सापडलेल्या एका अनोळखी तरुणीला तिचे नाव २०१८ मध्ये, ३७ वर्षांनी परत मिळाले. नवे तंत्र आले तेव्हा तपासायला तिच्या रक्ताचा नमुना शिल्लक होता, म्हणून हे घडले. आज न सुटणारे प्रकरण उद्या सुटू शकते. त्यासाठी आज करायचे काम एकच : जे हाती लागले आहे ते नीट जपून ठेवणे.