जुने कोणी ठरवायचे?

निर्माण झालेली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी जुनी होते. माणूस म्हातारा होतो, झाड वठते, कापड विरते, लोखंड गंजते. वापरातल्या वस्तूंनाही हा नियम चुकत नाही. मात्र वस्तू जुनी झाली म्हणजे तिचा उपयोग संपला, असे पूर्वीच्या घरांत कोणी मानीत नसे. जाते झिजून गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घेत. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की कल्हईवाल्याची वाट पाहत. छत्रीची काडी, घड्याळाचा काटा, चपलेचा अंगठा दुरुस्त करून देणारी माणसे बाजारात हमखास भेटत. एखादी वस्तू किती दिवस चालवायची, हे तिच्या मालकाच्या गरजेवर, ऐपतीवर आणि कारागिराच्या हातावर अवलंबून असे.

काही यंत्रांचा काळ खरोखरच संपतो आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. भारतात १८५० मध्ये कोलकाता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान तारायंत्राचा पहिला प्रयोग झाला. पुढे कितीतरी पिढ्यांच्या घरांत ‘तार आली’ या दोन शब्दांनी काळजात धस्स होत असे. हातोहाती मोबाइल आल्यावर तारेला काम उरले नाही. जुलै २०१३ मध्ये ही सेवा थांबली. टंकलेखन यंत्राचेही तेच झाले. गोदरेज कंपनीची टंकलेखन यंत्रे १९५५ पासून कचेऱ्यांत आणि न्यायालयांच्या आवारांत खडखडत होती. २००९ मध्ये त्यांचे उत्पादन बंद झाले. पण ज्याच्याकडे असे यंत्र सुस्थितीत आहे, त्याच्यासाठी ते आजही कागदावर अक्षर उमटवते. कारखाना बंद पडला, तरी विकलेले यंत्र बंद पडले नाही.

आजच्या उपकरणांबाबत ही खात्री देता येत नाही. संगणक, मोबाइल, इतकेच काय पण दूरचित्रवाणी संचसुद्धा आज आज्ञावलीवर चालतो आणि त्या आज्ञावलीची दोरी दूरवरच्या कंपनीच्या हाती असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही प्रणाली २०१५ मध्ये बाजारात आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची नियमित देखभाल थांबवली. पुढच्या विंडोज ११ साठी संगणकात विशिष्ट सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पडदा, कळफलक, हार्ड डिस्क असे सारे काही शाबूत असलेले असंख्य संगणक एका तारखेपासून ‘जुने’ ठरले. ते त्या दिवशी बंद पडले नाहीत, हे खरे. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय पुढे थोड्याच मुदतीपुरती राहिली. ज्याला परवडते, तो नवा संगणक घेईल. पण ज्या घरात काटकसर करून जुना संगणक घेतला आहे आणि मुलांसोबत आईवडीलही त्यावर शिकत आहेत, त्या घराला ही तारीख जड जाते.

दोरी दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, हे व्हिडिओ गेमच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. १९९० नंतरच्या दशकात भारतातील अनेक शहरांत दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याची यंत्रे मिळू लागली. त्यांत घालायच्या चौकोनी डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. ती चालेनाशी झाली की काढून, तोंडाने फुंकर मारून पुन्हा बसवीत. ती मित्राला देता येई, दुसरीशी बदलता येई, जुन्या बाजारात विकता येई. थोडक्यात, ती विकत घेणाऱ्याच्या मालकीची असे.

आज बहुतेक गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागतात आणि त्यांतील कित्येक कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरूच होत नाहीत. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये ‘द क्रू’ नावाचा मोटार शर्यतीचा गेम विकायला आणला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचा सर्व्हर बंद झाला. त्यानंतर पैसे मोजून गेम घेतलेल्या माणसाला तो एकट्यानेही खेळता येईना. ग्राहकाने समजले होते की आपण वस्तू विकत घेतली. प्रत्यक्षात त्याला मिळाला होता केवळ वापराचा परवाना. या प्रकारांविरुद्ध युरोपात नागरिकांनी मोहीम उभारली आणि २०२५ मध्ये तिला दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या करून पाठिंबा दिला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२५ च्या आरंभापासून असा नियम लागू झाला, की ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असेल, तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगितले पाहिजे.

‘खेळच तो, गेला तर काय बिघडले?’ असे कोणी म्हणेल. आपल्याकडे व्हिडिओ गेमची चर्चा बहुधा मुलांच्या व्यसनापुरती किंवा जुगारापुरती होते. ती गरजेची आहेच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो याच काळजीतून. परंतु एके काळी चित्रपटालाही असेच क्षुल्लक करमणूक मानले जाई. १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झालेला ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी आलेला ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट मात्र सुदैवाने टिकला. चित्रपट जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर कितीतरी रिळे नष्ट झाली होती. गेमच्या बाबतीत जग त्याच वाटेवर आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे २०२३ मधील एका अभ्यासात आढळले. चित्रकार, संगीतकार आणि आज्ञावली लिहिणारे अशा अनेकांचे श्रम त्यांत आहेत. एका पिढीचे बालपणही त्यांत आहे.

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. सर्व्हर चालवायला वीज, जागा आणि माणसे लागतात. प्रत्येक जुनी आज्ञावली कायम सांभाळणे कोणालाच शक्य नाही. जुन्या प्रणालीतील त्रुटींचा फायदा घेऊन लोकांची फसवणूकही होते. तेव्हा सेवा कधी तरी थांबणार, हे मान्य करावेच लागते. मात्र ती किती वर्षे मिळेल हे विकतानाच सांगणे आणि सेवा थांबवताना वस्तू निदान आपल्या बळावर चालेल अशी तजवीज करणे, या दोन गोष्टी अवघड नाहीत. घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजलेले असतात. एवढी अपेक्षा त्याने का करू नये?

या दिशेने काही पावले पडली आहेत. फ्रान्समध्ये २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप यांसारख्या वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतील याचे गुण छापले जाऊ लागले. भारत सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस ग्राहकांसाठी संकेतस्थळ सुरू केले. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी टाकून दिलेल्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. केरळमधील सरकारी शाळांनी तर कोणालाही विनामूल्य वापरता आणि बदलता येईल अशी मुक्त प्रणाली अनेक वर्षांपूर्वीच स्वीकारली आहे. अशी प्रणाली जुन्या संगणकावरही बरीच वर्षे काम देते.

पण केवळ कायद्याने हे काम पुरे होणार नाही. दिल्लीच्या नेहरू प्लेसपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत आणि तालुक्याच्या गावातील टपरीपर्यंत, बंद पडलेला मोबाइल उघडून त्यात जीव ओतणारे हजारो हात या देशात आहेत. त्यांतील अनेकांनी हे कौशल्य शाळेबाहेरच मिळवले आहे. त्यांना सुटे भाग आणि उपकरणांची माहिती मिळाली, तर ग्राहकाचे पैसे वाचतील, कचरा घटेल आणि एका कष्टाच्या विद्येला मान मिळेल. ग्राहकानेही नवी वस्तू घेताना किमतीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत: ही दुरुस्त होईल का? हिची देखभाल किती वर्षे मिळेल? कंपनीने हात काढून घेतला, तर ही चालेल का? असे प्रश्न विचारणारे ग्राहक वाढले, तर ‘हे आता जुने झाले’ हे कंपनीला एकटीने ठरवता येणार नाही.