संगणकीय गणित आणि अभियंत्याची जबाबदारी

अभियांत्रिकीच्या आरेखनात, बलांच्या विश्लेषणात आणि प्रत्यक्ष निर्मितीत संगणकाने आज जे स्थान मिळविले आहे, ते न्याय्य आहे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती रेखाटण्याची व्यवस्था सिद्ध केली, आणि त्यानंतर अवघ्या तीन दशकांत बोइंग ७७७ हे प्रचंड विमान ‘कॅटिया’ या प्रणालीवर आखले जाऊन १९९४ साली आकाशात झेपावले. परंतु ज्या साधनाने एवढे साधले, त्याच्यापाशी आपली विवेकबुद्धी गहाण टाकण्याचा जो शिरस्ता आपल्या महाविद्यालयांत आणि कारखान्यांच्या डिझाइन विभागांत रूढ होऊ पाहत आहे, तो घातक आहे आणि त्यास वेळीच आळा घातला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताच्या पुष्टीसाठी नॉर्वेतील एका दुर्घटनेचा दाखला पुरेसा आहे. उत्तर समुद्रातील वायूक्षेत्रासाठी उभारल्या जाणाऱ्या ‘स्लाइप्नर ए’ या मंचाचा, चोवीस पोकळ कोठ्यांचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी हळूहळू पाण्यात उतरविला जात असता, सुमारे ६५ मीटर खोलीच्या दाबाखाली एक भिंत फुटली, पंपांना न आवरणारे पाणी आत घुसले आणि ती अजस्र रचना तळाशी आपटून तिचा चुराडा झाला. तो आघात भूकंपमापकांवर सुमारे ३ तीव्रतेचा नोंदला गेला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही; आर्थिक हानी मात्र सुमारे ७० कोटी डॉलरची झाली.

चौकशीअंती जे निष्पन्न झाले ते प्रत्येक अभियंत्याने मनावर कोरून ठेवावे असे आहे. विश्लेषणासाठी वापरलेली ‘नॅस्ट्रान’ ही प्रणाली जगन्मान्य होती आणि तिच्या अंकगणितात खोट नव्हती. परंतु कोठ्यांच्या सांध्यापाशी तिला पुरविलेली घटकांची जाळी इतकी ढोबळ होती, की भिंतीतील कर्तन-प्रतिबल ४७ टक्के कमी आले, त्या उण्या आकड्यावर भिंतीची जाडी ठरली, आणि सळयांची पकड ऐन मोक्याच्या जागी अपुरी राहिली. वास्तविक ६५ मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६५ टन असतो, आणि दोन टोकांना धरलेल्या भिंतीवर सर्वत्र सारखा भार आला तर त्याचा निम्मा हिस्सा प्रत्येक टोकाने सोसावा लागतो, एवढे ज्ञान द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यासही असते. कागदाच्या एका पानावर हा अजमास मांडला गेला असता, तर संगणकाच्या आकड्यांतील तफावत तिथल्या तिथे उघडी पडली असती. त्याहून बोधप्रद गोष्ट अशी की, नवा पाया त्वरेने आखणे भाग पडले तेव्हा तेथील अभियंत्यांनी मुख्यतः हातानेच गणिते मांडली, संगणकाची उत्तरे मागाहून पडताळणीपुरती घेतली, आणि १९९३ साली तो मंच कार्यरत झाला.

पुणे, चाकण आणि नाशिकच्या परिसरात वाहने व यंत्रभाग यांच्या आरेखनात गुंतलेल्या शेकडो मराठी तरुणांच्या दृष्टीने हा धडा दूरदेशीचा नाही. तांबड्या-निळ्या रंगांचे प्रतिबलचित्र प्रकल्पवहीत चिकटविले की विद्यार्थ्याचे काम झाले असे परीक्षक समजतात, आणि तेच चित्र पाहून कारखान्यात मंजुरीची सही होते. परंतु आधार कोठे धरला, भार कोणत्या दिशेने लावला, जाळी दुप्पट बारीक केल्यावर उत्तर स्थिर राहते की नाही, हे प्रश्न विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ते रंग मोहक असतात. पण चुकीच्या गृहीतावरही ते तितकेच मोहक दिसतात.

म्हणून विद्यापीठांस आणि उद्योगचालकांस माझी आग्रहाची विनंती आहे. संगणकीय विश्लेषणाच्या प्रत्येक प्रकल्पात हाताने काढलेला अजमास सक्तीचा करावा आणि त्यास स्वतंत्र गुण द्यावेत. कारखान्यांनीही असे टाचण आणि त्यावर जबाबदार अभियंत्याची सही असल्याखेरीज कोणताही आराखडा निर्मितीस पाठवू नये. यासाठी नवे यंत्र नको, जादा खर्चाची तजवीज नको. केवळ शिस्त हवी, आणि ती अंगी बाणविण्याचे वय महाविद्यालयातच असते.