जाळ्याजवळचा खेळ

१९६८ साली विम्बल्डन व्यावसायिक खेळाडूंना खुले झाले. पुरुष विजेते रॉड लेव्हर यांना २,००० पौंड मिळाले, महिला विजेत्या बिली जीन किंग यांना ७५०. लाँग बीचच्या सार्वजनिक मैदानांवर खेळ शिकलेली, अग्निशमन दलातील कर्मचाऱ्याची ही कन्या तो हिशेब विसरली नाही.

मागे राहून प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. सर्व्हिस करावी, तिच्यापाठोपाठ जाळ्याकडे धाव घ्यावी आणि चेंडू जमिनीवर पडण्याआधीच निकाल लावावा! या खेळात डोक्यावरून चेंडू जाण्याचा धोका असतो. तो पत्करूनच त्यांनी विम्बल्डनची एकेरी-दुहेरी मिळून २० विजेतेपदे जिंकली.

१९७३ साली बॉबी रिग्ज या पंचावन्न वर्षांच्या वल्गनाबहाद्दराचा पराभव वृत्तपत्रांनी गाजवला. परंतु खरे मोल संघटनेचे आहे. अव्वल खेळाडूला स्वतःपुरता सौदा सहज करता आला असता. त्याऐवजी १९७० साली निलंबनाची धमकी असतानाही नऊ जणींनी एकेका डॉलरचे करार केले. त्यांच्या स्पर्धांना पैसा सिगारेट कंपनीने पुरवला, हेही नोंदवलेच पाहिजे. १९७२ची अमेरिकन स्पर्धा जिंकूनही किंग यांना १०,००० डॉलर मिळाले, नास्तासे यांना २५,०००. समान बक्षीस नसेल तर पुढच्या वर्षी आपण खेळणार नाही, असे त्यांनी बजावले. १९७३च्या जूनमध्ये लंडनमध्ये महिला खेळाडूंची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेची बक्षिसे समान झाली.

विम्बल्डनला मात्र त्यासाठी २००७ साल उजाडावे लागले.