बाळंतविड्यात डांबराच्या गोळ्या नकोत

मैत्रिणींनो, बाळंतविडा शिवून ट्रंकेत ठेवताना त्यात डांबराच्या गोळ्या टाकता ना? यापुढे टाकू नका. थोरल्याची झबली-दुपटी धाकट्यासाठी काढणार असाल, तर आधी स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा, मगच बाळाच्या अंगाला लावा.

कारण सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम असतं. काही बाळांत ते जन्मतःच कमी असतं. एरवी बाळ छान खेळतं, पण या गोळ्यांच्या वासानं त्याच्या पेशी फुटू लागतात आणि कावीळ चढते. मुलग्याला हा दोष आईकडून येतो. (म्हणून सूनबाईला बोल लावू नका हं, तिनं तो काही विकत आणलेला नाही!)

मलेरियाच्या मुलखात हा दोष अधिक. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींतही. म्हणजे डहाणूच्या चिकूवाडीचे मालक काय आणि तलासरीच्या पाड्यावरून तिथं कामाला येणारी बाई काय, दोघांच्याही घरी तो निघू शकतो. त्यातून वायव्हॅक्स मलेरियावर 14 दिवस देतात ती प्रायमाक्विनची गोळी अशा माणसाला बाधते. 1956 साली अमेरिकेत याचं मूळ या एन्झाइमात सापडलं. गोळी चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ती थांबवून तडक दवाखाना गाठा.

तपासणी मोठी गमतीची आहे. रक्ताचा थेंब औषधात कालवून टिपकागदावर ठेवतात आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरतात. एन्झाइम असेल तर ठिपका चमकतो, नसेल तर अंधार! पण बायकांत ते पुष्कळदा अर्धंमुर्धं असतं, तेव्हा ठिपका चमकतो आणि दोष लपतो. तिथं आकडाच हवा. साखर मोजतात तशी हातात मावणारी यंत्रं त्यासाठी निघाली आहेत. संशोधक तर प्रकाशावर चालणारी पट्टी बनवू पाहताहेत: उजेड पडला की तिच्यातून बारीकशी वीज वाहते, आणि एन्झाइमनं केलेल्या कामाप्रमाणे ती कमीजास्त होते. हे काम अजून प्रयोगशाळेतच आहे. तोवर टिपकागद आणि यंत्रं आहेतच.

घरात कुणाला जन्मतः जबर कावीळ झाली असेल, तर बाळंतपणाआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. आणखी एक. पेशी फुटत असताना केलेली तपासणी कधीकधी फसवते, कारण नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. तेव्हा निकाल चांगला आला तरी तीनेक महिन्यांनी ती पुन्हा करून घ्या.