दुआही हवी, दवाही हवी

मूल तापाने फणफणले की आपण रात्री-अपरात्री रिक्षा करून कर्जत गाठतो. हात मोडला तर सकाळची वाटही पाहत नाही. पण तेच मूल महिनाभर कुणाशी बोलेनासे झाले, शाळेचे नाव काढताच थरथरू लागले, स्वतःलाच इजा करू लागले किंवा समोर कुणी नसताना कुणाशी तरी बोलू लागले, तर आपण घराचे दार लावून घेतो. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते असर आहे. मोठ्या बहिणीचे लग्न ठरायचे असते, म्हणून मोहल्ल्यात बोभाटा नको असतो. यात दोन-तीन वर्षे निघून जातात आणि आजार मुरत जातो.

हीच वर्षे मोलाची असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की निम्म्या मानसिक आजारांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होते. आपल्या देशात २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ७.३ टक्क्यांमध्ये मानसिक आजार आढळला. म्हणजे शंभर मुलांत सात. ही मुले सर्व समाजांत आहेत, आपल्याही घरांत आहेत.

पळसदरीपासून जवळच, कर्जतच्या वेणगावला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने उभे केलेल्या या संस्थेत रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून उपचार केले जातात. ते सावरले की त्यांचे गाव शोधून त्यांना घरी पोहोचवले जाते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम लहान मुलांसाठी नाही, तरी आपल्याला त्यातून एक गोष्ट शिकता येते. रस्त्यावर हरवलेल्या माणसाचाही उपचार शेवटी घराकडेच येतो. मग घरात असलेल्या मुलाला आपण घरापासून दूर का करावे?

दूर नेऊन ठेवण्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. तामिळनाडूतील एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा बळी गेला. नातेवाइकांनी त्यांना बरे होण्याच्या आशेनेच तिथे आणले होते. त्यांच्या श्रद्धेला आम्ही दोष देत नाही. पण श्रद्धेच्या सोबतीला औषध नव्हते, देखरेख नव्हती आणि पायात बेड्या होत्या.

आज रुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने बंदी आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मुलांबद्दल आणखीही काही सांगतो. मुलाला मनोरुग्णालयात दाखल करणे हा अपवाद मानावा. घरी आणि गावात राहून होणारे उपचार निष्फळ ठरले किंवा योग्य नसतील, तरच दाखल करावे. दाखल केले तरी मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे आणि पालकाने किंवा जबाबदार व्यक्तीने पूर्ण वेळ सोबत राहावे.

दुआ आणि दवा यांच्यात भांडण नाही. आजारावर इलाज करा, ही आपल्या प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. कैरोत १२८४ मध्ये उभारलेल्या मन्सुरी रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. आपल्या शेजारच्या गुजरातेत, उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रम चालला. दुआसाठी आलेल्या रुग्णाला मुजावरच डॉक्टरकडे पाठवू लागले.

मग आपण काय करावे? मुलाचे वागणे दोन-तीन आठवडे बदललेले राहिले, झोप, जेवण, शाळा बिघडली, तर थांबू नये. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कुठे आणि कोणत्या दिवशी भेटतात, याची चौकशी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात करावी. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, तेव्हा मुलाला घरी ठेवू नये. त्या दिवशी आवर्जून पाठवावे. मूल जीव देण्याची भाषा बोलले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुरू झालेली औषधे बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नयेत. रमजानमध्येही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आजाऱ्याला रोज्याची सवलत शरीयतनेच दिली आहे.

उरलेला उपचार आपल्या हातात आहे. वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यावे. शेजारणीने “काय झालंय तिला?” असे विचारण्याऐवजी आईला तासभर विसावा द्यावा. चाचा-मामांनी मुलाला सोबत घेऊन बाजारात, मस्जिदीत जावे. इमामसाहेबांनी एखाद्या जुम्याच्या बयानात हा विषय घेतला, तर कितीतरी बंद दारे उघडतील.

मूल ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. त्याच्या सुखात जशी ती आपली, तशीच त्याच्या आजारातही आपलीच.