कॅराव्हॅन येऊ द्या, पण आधी मोरीचं बोला

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चाकांवरच्या घराची स्वप्नं मराठी कुटुंबांनाही पडू लागली. जाहिरातीत पलंग दिसतो, छोटी शेगडी दिसते, बाहेर ताणलेल्या छताखाली मांडलेल्या खुर्च्या दिसतात. न्हाणीघराला जेमतेम एक कोपरा मिळतो आणि त्यामागच्या नळ्या, पंप, टाक्या यांबद्दल कुणी विचारतही नाही. सहल सुखाची होणार की तिसऱ्या दिवशी गाडीत नाक धरून बसावं लागणार, हे मात्र त्याच कोपऱ्यावर ठरतं. भाज्यासारख्या गावात तर तो प्रश्न गाडीतल्या चौघांपुरता राहत नाही.

मावळातलं भाजे मळवली रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. द्रुतगती मार्ग जवळून जातो, लेण्यांची वाट गावातूनच चढते आणि लोहगडाला जाणारेही इथूनच निघतात. जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, म्हणजे गर्दी वाढणारच. लोहगडाच्या डोंगररांगेच्या उत्तरेला इंद्रायणीचं खोरं आहे, दक्षिणेला पवनेचं. भाज्याचं पाणी इंद्रायणीला मिळतं आणि पुढे देहू-आळंदीला जातं. पलीकडे पवना धरण आहे. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं पाणी तिथलं, आणि त्याच्याच काठाला आज तंबूंच्या रांगा लागतात. गाडीची मैल्याची टाकी रात्री कुठल्याशा ओढ्यात मोकळी केली, तर ती घाण कुणाच्या घागरीत उतरेल हे इथे बोट दाखवून सांगता येतं. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने असं करायला मनाई आहेच. पण टाकी रिकामी करायला रीतसर जागाच नसेल, तर नुसता कायदा सांगून भागत नाही.

कॅराव्हॅनच्या न्हाणीघराची रचना तशी सोपी असते. एक टाकी स्वच्छ पाण्याची, दुसरी बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. बारा व्होल्टचा छोटा पंप पाणी ढकलतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो, नळ मिटला की दाब चढून थांबतो. लहान गाड्यांत मैल्याच्या मोठ्या टाकीऐवजी बाहेरून ओढून काढता येणारी सुटी पेटी असते. तिच्यात साधारण वीस लिटर मावतं.

अडचण इथूनच सुरू होते. ही पेटी कागद वापरणाऱ्या देशांच्या हिशेबाने बेतलेली आहे. आपल्याकडे जेट लागतो किंवा मग तरी लागतो. दर वेळी लिटर-दोन लिटर पाणी जास्तीचं जातं आणि चौघांच्या कुटुंबाची पेटी एका दिवसातही भरू शकते. अंघोळीचंही तेच. बादलीभर पाण्यात आटोपणारा माणूस शॉवर सोडून उभा राहिला, की शंभर लिटरची टाकी दोघा-तिघांतच तळाला जाते. भारतात गाड्या बांधणाऱ्यांनी मैल्याची टाकी मोठी द्यावी, जेटला बारीक धारेचं तोंड लावावं आणि न्हाणीत बादली-मग ठेवायला जागा सोडावी. आपल्या सवयींना नावं ठेवण्यापेक्षा त्या सवयींसाठी गाडी बांधणं शहाणपणाचं आहे.

देखभालीचं बोलायचं तर गाडी आपली दुखणी स्वतःच सांगते, फक्त ऐकायची सवय हवी. सगळे नळ बंद असताना रात्री पंप मधूनच घुरघुरून गप्प होत असेल, तर कुठेतरी दाब गळतो आहे. पंप थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे, पंपाआधीची जाळी तुंबली आहे किंवा नळीत हवा शिरते आहे. मावळात यात आणखी एक गुंता होतो. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात गाडीच्या फरशीला ओल दिसली, तर ती छतातून आली की नळ्यांतून? पंप बंद करावा, नळ उघडून दाब घालवावा, जागा पुसून कोरडी करावी आणि दोन-चार तास वाट पाहावी. ओल पुन्हा आली, तर शोध छताच्या सांध्यांत घ्यायचा. पंप सुरू केल्यावरच आली, तर नळ्यांत. हे टाळू नये, कारण फरशीखाली बहुधा प्लायवूड असतं. ते आतून कुजत जातं आणि पाय रुतेपर्यंत कळत नाही.

दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान घरगुती पद्धतीच्या प्लंबिंगने होतं. गावातला प्लंबर हुशार असतो, पण त्याचा हात भिंतीतल्या नळांवर बसलेला असतो. तो कडक पाइप घेतो, सोल्युशन लावतो, आणि घरात तो सांधा वीस वर्षं टिकतो. गाडीतली प्रत्येक नळी खड्ड्यागणिक हादरत असते. तिथे लवचीक नळी, दाबून बसणारे सांधे, जागोजागी क्लिपा आणि वळणावर थोडी ढील लागते. कमोडच्या झडपेचं रबर कोरडं पडलं की वास वर येतो. त्याला हाताशी आहे म्हणून पेट्रोलियम जेली फासली, तर काही प्रकारची रबरं फुगून बिघडतात. सिलिकॉन ग्रीस लावावं. उन्हाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली, तर मोरीच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि दुर्गंधीला वाट मिळते. मगभर पाणी ओतलं की काम झालं. स्वच्छ पाण्याची टाकी मोसमात एकदा तरी क्लोरीनने धुवावी. साठ लिटरला साठ मिलिलिटर साधं ब्लीच पुरतं. ते नळानळातून फिरवून काही तास ठेवावं आणि मग वास जाईपर्यंत खळखळून टाकावं.

एक चूक मात्र हमखास होते. मुक्कामी मोठ्या टाकीची नळी गटाराला जोडली, की लोक तिची झडप उघडीच ठेवतात. पातळ भाग निघून जातो, घट्ट मैला तळाशी साचून दगडासारखा होतो. झडप बंदच ठेवावी, टाकी बऱ्यापैकी भरली की एकदम सोडावी. घाट उतरण्याआधी तर ती रिकामी हवीच. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि अर्धवट भरलेल्या टाकीत ते वजन प्रत्येक वळणावर इकडून तिकडे आदळतं.

चालत्या गाडीतल्या शौचालयाचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. मळवलीवरून धावणाऱ्या रेल्वेगाड्यांचा मैला वर्षानुवर्षं थेट रुळांवर पडत असे. रेल्वेने डीआरडीओच्या मदतीने डब्यांना जैव-शौचालयं बसवली आणि ते थांबवलं. त्यांतही बाटल्या आणि डायपर अडकतात, म्हणून ती यंत्रणा रोजच्या देखभालीवर उभी आहे. पुण्यात २०१६ मध्ये पीएमपीच्या जुन्या बसगाड्यांचं रूप पालटून महिलांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं उभी राहिली. वारीच्या वाटेवर ‘निर्मल वारी’च्या उपक्रमात फिरती शौचालयं मांडली जातात आणि पालखी पुढे सरकली की त्यांच्या टाक्या यंत्राने उपसल्या जातात. लाखो वारकऱ्यांसाठी जे जमवता येतं, ते मावळातल्या मूठभर कॅराव्हॅनसाठी का जमू नये?

मागणी अवास्तव नाही. कार्ल्याला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. तिथे किंवा मळवलीच्या वाहनतळाजवळ मैला रिकामा करण्याचं एक पक्कं ठिकाण व्हावं: उताराची काँक्रीटची फरशी, झाकणाचं तोंड, धुण्यासाठी वेगळा नळ आणि खाली पूर्ण बंद टाकी. शोषखड्डा इथे चालणार नाही, कारण पावसाळ्यात मावळची जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते. टाकीचा उपसा टँकरने व्हावा आणि मैला शुद्धीकरण केंद्रात जावा. टाकीत माणूस उतरवायचा नाही. हाताने मैला सफाईविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय ते करवून घ्यायला बंदी आहे आणि या बाबतीत कुठलीही सवलत असता कामा नये. गावातल्या घरगुती निवासवाल्यांच्या सेप्टिक टाकीतही एखादी सुटी पेटी ओतता येईल, पण तीत फॉर्मल्डिहाइडचं औषध नसावं. ते टाकीतले जिवाणूच मारून टाकतं.

आयटीआयमध्ये नळ कारागिराचा अभ्यासक्रम वर्षभराचा असतो. त्याला आठवडाभराची जोड दिली, तर बारा व्होल्टचे पंप, लवचीक नळ्या आणि मैल्याच्या झडपा मावळातल्या पोरांना सहज येतील. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून मेकॅनिक मागवावा लागणार नाही आणि पर्यटनाचा पैसा चहा-भजीच्या पलीकडे गावात उतरेल.

पैसा कोण देणार, हा प्रश्न उरतोच. भाजे लेण्यांत पाण्याच्या पोढीजवळ, म्हणजे टाक्याजवळ, एक ब्राह्मी लेख आहे. कोसिकीचा पुत्र, महारठी विण्हुदत, याने ही पोढी दान दिली, असं तो सांगतो. पदरची कमाई त्याने टाकं खोदण्यात घातली आणि त्यावर आपलं नाव अभिमानाने कोरवून घेतलं. कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी, परिसरातल्या बड्या रिसॉर्टांनी मैला संकलनाच्या जागेसाठी तसंच पुढे यावं आणि खुशाल तिथे आपली पाटी लावावी. पर्यटन संचालनालयाने कॅराव्हॅन पार्कच्या नोंदणीला एकच अट जोडावी: मैला कुठे रिकामा होतो आणि तो पुढे कोण उचलतो, याचा लेखी करार दाखवा. तो नसेल, तर परवानगी थांबवावी.